चोरीनं ॲव्हरेज पडतं, पिकअप पडत नाही

आवाज येतोय ना नीट? मागं घरघर ऐकू येत असेल तर ती माईकची नाही, शेजारच्या कुंकवाच्या चक्कीची आहे. केममध्ये शांतता पाहिजे तर रात्री अकरानंतर रेकॉर्डिंग करावं लागतं, आणि आज तेवढा धीर नव्हता.

ज्यांना केम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सोलापूर जिल्हा, करमाळा तालुका. रेल्वेनं पुण्याहून सोलापूरला जाताना जेऊर गेलं की कुर्डुवाडी यायच्या आधी आमचं स्टेशन लागतं. गाव कुंकवासाठी ओळखलं जातं. तुमच्या देव्हाऱ्यातली कुंकवाची पुडी बघा, आमच्या गावातून आलेली असू शकते. तर हे कुंकू बाहेर न्यायचं काम ज्या गाड्या करतात त्यातली एक आमची. सहाचाकी ट्रक, २०१२ चं मॉडेल, सेकंडहँड घेतलेली, सहा सिलिंडरचं टर्बो-इंटरकूलरवालं इंजिन, जुना मेकॅनिकल पंप. जाताना कुंकवाच्या गोण्या, येताना मुंबईकडून जे मिळेल ते भाडं. आणि गाळपाचा सीझन सुरू झाला की मधेच तीन-चार आठवडे उसाची वाहतूक.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी मेसेज केले, ‘दादा, गाडी ओढत नाही आणि डिझेलपण जास्त पिते, काय बघू?’ उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण हा प्रश्न आमच्या घरात आला तेव्हा आम्ही एका माणसाशी फार वाईट वागलो. ते वगळून नुसत्या टिप्स दिल्या तर मला स्वतःलाच बरं वाटणार नाही. म्हणून आज सगळंच सांगतो.

दिवाळीपर्यंत आमच्या गाडीचं ॲव्हरेज चार पॉइंट आठ होतं. लोडसहित, येऊन-जाऊन. पौषात मी हिशेब मांडला तर तीन पॉइंट सात. मोबाईलवर शीट बनवलेली आहे, त्यात आकडा लाल झाला. आता हे एक पॉइंट एक ऐकायला किरकोळ वाटतं. महिन्याला गाडी पाच हजार किलोमीटर पळाली असं धरा. चार पॉइंट आठनं लागतं साधारण एक हजार चाळीस लिटर. तीन पॉइंट सातनं लागतं साडेतेराशे. तीनशे लिटरचा फरक. डिझेल नव्वदच्या वर. म्हणजे अठ्ठावीस हजार रुपये, आणि आमचा गाडीचा हप्ता चोवीस हजार. बँकेनं न सांगता दुसरा हप्ता सुरू केल्यासारखं झालं.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शीट बघितली आणि एकच वाक्य बोलले, “तात्या डिझेल काढतोय.”

तात्या आमचे ड्रायव्हर. वय पन्नाशीच्या पुढं, नऊ वर्षं आमच्याकडं. मी शाळेत असताना मला केबिनमध्ये बसवून टेंभुर्णीपर्यंत न्यायचे. आता खरं बोलायचं तर ड्रायव्हर डिझेल काढतात का? काही काढतात. हायवेला कॅन घेऊन उभी राहणारी माणसं कुणाला माहीत नाहीत? त्यामुळं मालकाच्या मनात हा संशय आधीच तयार असतो, आकडा पडला की तो फक्त बाहेर येतो. मी आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलेलं. मला तरी थांबायला पाहिजे होतं. मी उलट शीट तात्यांच्या पुढं धरली.

तात्या म्हणाले, “मालक, गाडी दम धरत न्हाई. दोन म्हैनं झालं सांगतोय. बोरघाटात तिसऱ्यावर जायची ती दुसऱ्यावर आलीय. चढाला फुस्स करतीय.”

आबा म्हणाले, “गाडीचं नाव सांगू नका तात्या. गाडी बोलत नाही म्हणून तिच्यावर ढकलायचं का?”

तात्या पुढं काही बोलले नाहीत. किल्ली टेबलावर ठेवली आणि गेले. त्यांचे साडेसहा हजार द्यायचे राहिले होते, ते आबांनी ठेवून घेतले, डिझेलच्या नावावर.

इथं एक मिनिट थांबा आणि तात्यांचं वाक्य परत ऐका. बोरघाटात तिसऱ्यावर जायची ती दुसऱ्यावर आली. टाकीतून वीस लिटर कुणी काढून घेतलं तर टाकीत डिझेल कमी होतं, इंजिनाची ताकद कमी होत नाही. उरलेल्या डिझेलवर गाडी तशीच पळते, घाट तसाच चढते. चोरीनं ॲव्हरेज पडतं, पिकअप पडत नाही. दोन्ही एकदम पडलं असेल तर चोर इंजिनात नाहीतर चाकात बसलाय. हे मला तेव्हा सुचायला पाहिजे होतं, सुचलं अडीच महिन्यांनी.

नवीन ड्रायव्हर आला. तरुण पोरगा, चांगला होता. पहिल्या फेरीचं ॲव्हरेज तीन पॉइंट आठ. दुसरीचं तीन पॉइंट नऊ. आबा म्हणाले, “बघ, सुधारतंय.” मी पण मान हलवली. माणसाला जे ऐकायचं असतं तेच आकड्यात दिसतं. तिसऱ्या फेरीला पोरानं घाटातून फोन केला, “दादा, मागं गाड्यांची लाईन लागलीय, लोक हॉर्न मारायलेत, ही चढंना.”

मग आम्ही केलं ते जे सगळेच करतात. पंप उतरवला. पंप-नोझल खोलून कॅलिब्रेशनला दिलं. तीस हजारांच्या आसपास गेले. पंपवाल्यानं विचारलं, “धूर देते का?” आम्ही सांगितलं, हो, चढाला काळा धूर मारते. त्यानं डिझेल थोडं कमी केलं. धूर गेला, आम्ही खूश. आणि गाडी आधीपेक्षा ढिली झाली. आता घाटात दुसऱ्यावरही रडायला लागली. कारागिराला दोष देत नाही मी. आम्ही त्याच्या टेबलावर पंप नेला, गाडी नेलीच नाही. त्याला जे दिसलं ते त्यानं केलं.

शेवटी टेंभुर्णीला हायवेच्या कडेला एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांच्याकडं गाडी नेली. त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. पहिला प्रश्न, “पंपाला हात लावायच्या आधी धूर होता का?” होता म्हटलं. काळा? काळा. “मग डिझेल कशाला कमी केलं? पोराचं पोट दुखतंय तर जेवण बंद. अरे, आधी श्वास घेतोय का बघ की!”

हे श्वासाचं गणित मला आयटीआयमध्ये शिकवलं होतं, पण डोक्यात बसलं त्या दिवशी. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला साधारण बारा किलो हवा लागते. बारा किलो हवा म्हणजे जवळपास दहा हजार लिटर. आमच्या करमाळा तालुक्यात उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो, दहा हजार लिटरचा मोठा. एका लिटर डिझेलला तेवढा एक टँकर भरून हवा. ही झाली कमीत कमी, प्रत्यक्षात डिझेल इंजिन त्याहून जास्त घेतं. आता विचार करा, आपण बिल ठेवतो एका लिटरचं, आणि त्या टँकरकडं कुणी बघतच नाही, कारण हवा फुकट आहे.

टर्बोचं काम तेवढंच, ही हवा दाबून इंजिनात कोंबायची. सायलेन्सरकडं जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावर दुसरं चक्र हवा दाबतं. दाबलेली हवा तापते, म्हणून ती पुढं इंटरकूलरमधून थंड करून इंजिनात जाते. टर्बो ते इंटरकूलर, इंटरकूलर ते इंजिन, या रस्त्यात रबरी होज पाइप आणि क्लिपा. लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मिस्त्रींचा हिशेब असा. गाडी ओढत नाही आणि काळा धूर, तर डिझेल येतंय पण हवा पुरत नाही, किंवा नोझल डिझेल नीट फवारत नाही, थेंब टाकतंय. गाडी ओढत नाही आणि धूरही नाही, तर डिझेलच पोचत नाही: फिल्टर चोक, लाईनमध्ये हवा, फीड पंप. पण अशा वेळी ॲव्हरेज सहसा एवढं कोसळत नाही, कारण इंजिन पीतच कमी असतं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळतंय. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ आला तर घाबरू नका. गरम झाल्यावरही येत राहिला तर टायमिंग बघा, आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय का बघा. आणि धूर स्वच्छ, इंजिन मोकळं, तरी गाडी जड? मग इंजिन सोडा, चाकांकडं जा.

गंमत म्हणून एक सांगतो. १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्गला रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची नावाजलेली चाचणी झाली. इंधनातल्या शक्तीचा चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग कामाला लागला आणि तेवढ्यावर जगानं तोंडात बोटं घातली. त्याच १८९७ साली इकडं आमच्या कुर्डुवाडीहून बार्शीला नॅरोगेज गाडी सुरू झाली, वाफेवरची. आजचं चांगलं ट्रकचं इंजिनसुद्धा चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपासच आहे. म्हणजे शंभर रुपयांच्या डिझेलातले निम्म्याहून जास्त असेही धुरात आणि रेडिएटरमध्ये जातात. उरलेल्यात गळती झाली की हप्ता थकतो.

असो. मिस्त्री म्हणाले, “एका वेळी एकच गोष्ट बदलायची, फेरी मारायची, लिहायचं. दोन गोष्टी एकदम केल्या तर कशानं सुधारली कळणार नाही, आणि न बिघडलेल्याचे पैसे देत बसशील.”

सगळ्यात आधी माझी शीटच खोटी निघाली. म्हणजे आकडे खरे, तुलना खोटी. दिवाळीपर्यंतच्या सगळ्या फेऱ्या मुंबईच्या, हायवेच्या. नंतरच्या महिन्यांत उसाच्या खेपा मिसळलेल्या. उसात गाडी शेतातून पहिल्या-दुसऱ्या गिअरवर निघते, गच्च लोड, मग कारखान्याच्या वजनकाट्याला तासन्‌तास रांग, इंजिन चालू, इंचाइंचानं पुढं. ते वेगळं काढलं तर उसाचं ॲव्हरेज दोन पॉइंट नऊ आणि मुंबईचं चार. म्हणजे चार पॉइंट आठवरून तीन पॉइंट सात असं जे आम्ही तात्यांच्या तोंडावर मारलं होतं, त्यातला चौथा हिस्सा तर उसाचाच होता. खरी घट होती चार पॉइंट आठवरून चार.

मोजायचं कसं, हे नीट ऐका. फुल टू फुल. एकच पंप, शक्यतो तेच नोझल, गाडी सपाट जागेवर, पहिल्या कटऑफला थांबायचं. पंपाच्या मापावर शंका असेल तर पाच लिटरचं प्रमाणित माप पंपावर ठेवलेलं असतं, त्यात मोजून दाखवा म्हणायचा ग्राहकाला हक्क आहे. लाजू नका. किलोमीटर गाडीच्या मीटरवर सोडू नका. फोनचं जीपीएस लावा आणि शंभर किलोमीटरला मीटर किती दाखवतो ते बघा. टायरचा साईज बदलला असेल तर मीटर खोटं बोलतो. आणि एका फेरीत शून्य पॉइंट एकचा फरक दिसला तर उड्या मारू नका, तेवढा तर वारा आणि ट्रॅफिकच पाडतं.

मग फुकटातल्या तपासण्या. ॲक्सिलेटर: एकानं केबिनमध्ये पूर्ण दाबायचा, दुसऱ्यानं खाली पंपाचा लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकतो का बघायचा. पायाखालचं मॅट जाड आहे म्हणून लिव्हर पूर्ण उघडत नाही अशा गाड्या मिस्त्रींनी बघितल्यात. आमचा टेकत होता. टाकीचं झाकण: तासभर पळवल्यावर उघडायचं, जोरात आत हवा ओढली गेली तर झाकणाचं भोक बुजलंय, टाकीत ओढ बसून डिझेल अडतंय. आमचं ठीक. डिझेल फिल्टर पंपाच्या कामात बदललेले. क्लच: चढाला इंजिनचे आरपीएम वाढतात पण वेग वाढत नाही, जळका वास येतो, तर प्लेट घसरतीय. तेही नव्हतं.

एअर फिल्टर काढला आणि मिस्त्री हसायलाच लागले. लाल! अख्खा फिल्टर लाल. आमची गाडी चक्कीच्या दारात तासन्‌तास उभी, भरताना इंजिन चालू, कुंकवाची बारीक पूड हवेत. दर मंगळवारी उत्तरेश्वराच्या देवळाजवळच्या टपरीवर आम्ही क्लीनरला सांगायचो, फिल्टर झटकून घे. तो टायरवर आपटायचा. फिल्टर आपटायचा नसतो मंडळी. कागद फाटतो, कडेचं रबर वाकतं, आणि मग धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर आणि सिलिंडरमध्ये. फुंकर मारायचीच तर आतून बाहेर, कमी दाबानं, आणि तीही मोजक्या वेळा. नवीन टाकला. पुढच्या फेरीला चार पॉइंट एक. म्हणजे वर सांगितल्याप्रमाणं, काहीच सिद्ध झालं नाही. पण धूळ तरी थांबली. आता भरताना इंजिन बंद ठेवतो.

मग चाकं. टायरची हवा थंड असताना मोजली, मागच्या आतल्या दोन टायरना कमी होती. आतलं टायर कुणी बघत नाही, हात पोचत नाही म्हणून. भरून घेतली. मिस्त्री म्हणाले, आता सपाट रस्त्याला पंधरा-वीस किलोमीटर जा, ब्रेक शक्य तितका कमी वापरून सावकाश थांब, आणि प्रत्येक ड्रमजवळ हात धर. हात लावायचा नाही, जवळ धरायचा, भाजतं. मागचं डावं चाक धगधगत होतं, बाकीची कोमट. ब्रेकचा कॅम परत फिरत नव्हता, लायनर ड्रमला घासत होतं. महिनोनमहिने आम्ही एका चाकाला किंचित ब्रेक लावून गाडी पळवत होतो. कॅम खोलून साफ केला, ग्रीस, नवीन स्प्रिंग, स्लॅक ॲडजस्टर सेट. खर्च फिल्टरच्याच आसपास. पुढची फेरी चार पॉइंट तीन. गाडी उतारावर मोकळी पळायला लागली. ब्रेक चिकटलेली गाडी नुसतं डिझेल खात नाही, ड्रम तापून टायर पेटलेल्या गाड्या हायवेवर बघितल्यात आपण.

पण घाटात अजून तीच रड. आणि इथं मिस्त्रींनी तो प्रश्न विचारला, “आवाज कसला येतो चढाला?”

नवीन पोराला काही सांगता येईना, तो इअरफोन लावून गाडी चालवायचा. मी सांगू शकत नव्हतो, मी घाटात गाडीत कधी बसलोच नव्हतो, मी शीटमध्ये बसलो होतो. मिस्त्री म्हणाले, “आधी कोण चालवायचा? त्याला फोन लाव.”

फोन माझ्या हातात होता. दोन-तीन मिनिटं नुसता स्क्रीनकडं बघत बसलो. मग लावला. तात्यांनी उचलला. मी काय बोलावं सुचेना, सरळ विचारलं, तात्या, चढाला फुस्स म्हणजे नक्की कसं?

कुणी दुसरा असता तर फोन ठेवला असता. तात्या म्हणाले, “लोडात, दीड हजाराच्या वर इंजन गेलं की सुरू हुतंय. सायकलच्या ट्यूबातनं हवा जाती तसं. टर्बोची शिट्टी आधी बारीक यायची, ती आता येत न्हाई, नुसतं फुस्स. डाव्या अंगाला, पायाच्या पुढनं. रिकाम्या गाडीत न्हाई येत.” आणि मग, “मी सांगितलं हुतं की.”

फोन स्पीकरवर होता. मिस्त्री उठले.

डाव्या बाजूला इंटरकूलरकडून इंजिनकडं जाणारा रबरी होज. वरून बघितला तर धडधाकट. मिस्त्रींनी खालून हात फिरवला, हात काळा आणि तेलकट. टर्बोतून थोडी तेलाची वाफ हवेबरोबर जातच असते, ती जिथून बाहेर पडते तिथं धूळ चिकटून काळा चिकट थर बसतो. तोच पत्ता. तरी चीर दिसेना. मग टर्बोच्या तोंडाला बूच लावून गाडीच्याच हवेच्या टाकीतून रेग्युलेटर लावून हवा सोडली, वीस पीएसआयच्या आत. हे घरी करून बघणार असाल तर रेग्युलेटरशिवाय करू नका. टायरला भरतो ती शंभराच्या वरची हवा इथं सोडली तर होज उडून तोंडावर येईल. साबणाचं पाणी मारलं, आणि क्लिपेच्या अगदी मागं, खालच्या अंगाला, चार बोटांची चीर तोंड उघडून फेस काढायला लागली. हवा बंद केली की ओठ मिटावेत तशी बंद.

म्हणून ती गॅरेजमध्ये उभ्या गाडीत कुणालाच सापडली नाही. ती फक्त लोडात, चढावर, टर्बोनं दाब दिला की उघडायची. आणि त्या वेळी तिथं फक्त एकच माणूस हजर असायचा, ज्याच्यावर आम्ही चोरीचा आळ घेतला.

होज आणि दोन क्लिपा, मजुरीसकट तीन हजारांच्या आत. वर पंपवाल्याकडं परत जाऊन कमी केलेलं डिझेल पूर्ववत करून घेतलं. पुढच्या फेरीला बोरघाटात मी स्वतः केबिनमध्ये होतो. येताना पूर्ण लोड. खोपोली सोडली, चढ सुरू झाला, तिसरा गिअर, आणि टर्बोची ती बारीक शिट्टी. पोरगा माझ्याकडं बघून हसला. फुल टू फुल चार पॉइंट सात. जुना चार पॉइंट आठ आला नाही. मागचे दोन टायर रिमोल्ड आहेत, इंजिनालाही वय झालंय. मी तेवढ्यावर समाधानी आहे.

आता नव्या गाड्यावाल्यांसाठी थोडं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सिक्स गाड्यांत, आणि थोडंफार त्याआधीच्या २०१७ पासूनच्या बीएस-फोरमध्येही, सेन्सर आणि कॉम्प्युटर आहे. हवा कमी पडली की तो स्वतःच डिझेल कमी करतो, वर सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर. त्यामुळं काळा धूर दिसणारच नाही. धूर नाही म्हणजे हवा ठीक, असं या गाड्यांत समजू नका. चेक लाईट लागली तर आधी स्कॅनर लावून कोड वाचा, आणि कोडचा स्क्रीनशॉट स्वतःकडं ठेवा. कोडमध्ये हवेचा दाब कमी आला म्हणून लगेच सेन्सर किंवा टर्बो बदलायला तयार होऊ नका, आधी होज, क्लिपा, इंटरकूलर. फाटलेला होज नव्या गाडीतही फाटलेलाच असतो. युरियाच्या टाकीत पाणी घालायचे उद्योग तर अजिबात करू नका, त्यात साडेबत्तीस टक्के युरियाच लागतो, त्यात खाडाखोड केली की गाडी स्वतःच ताकद कमी करते आणि तुम्ही परत ड्रायव्हरला शिव्या घालता.

आणि फोन वापरा हो. रील बघायला नाही. पुढचा घाट चढताना केबिनमध्ये क्लीनरला आवाज रेकॉर्ड करायला सांगा, रिकाम्या गाडीचा वेगळा, लोडातला वेगळा. धूर बघायला मागच्या गाडीतल्या दोस्ताला व्हिडिओ काढायला सांगा. मिस्त्रीला ते दाखवा. गॅरेजमध्ये उभी गाडी निम्मंच सांगते.

तात्यांचं राहिलं. पुढच्या रविवारी आबा आणि मी त्यांच्या घरी गेलो. आबा आयुष्यात कुणाची माफी मागणारा माणूस नाही. ओट्यावर बसले, चहा आला, पाऊस नाही, ऊस वाळला, सगळं बोलून झालं. मग आबांनी खिशातून पाकीट काढलं आणि म्हणाले, “तात्या, होज फाटला होता.”

तात्या म्हणाले, “पोरानं सांगितलं फोनवर.”

आबा म्हणाले, “माझी चूक झाली.” एवढंच. पण मी ते पहिल्यांदा ऐकलं.

तात्यांनी पाकीट घेतलं, नोटा मोजल्या, साडेसहा हजार. त्यातली पाचशेची एक नोट काढून परत आबांच्या हातात दिली. “संक्रांतीच्या आधी पाचशे उचल घेतली हुती मी. ती तुमच्या वहीत लिहायची राहिली असंल.”

वहीत खरंच नव्हती. माझ्या शीटमध्येही नव्हती.

परत या म्हटलं, तर नाही म्हणाले. आता कंदरच्या एका केळीवाल्याच्या गाडीवर आहेत, बरं चाललंय. पण मागच्या आठवड्यात आमची गाडी स्टँडजवळ उभी होती, ते मोटारसायकलवरून चालले होते, थांबले. पोराला म्हणाले, जरा रेस कर. ऐकलं. मग मला फोन केला, “फॅन बेल्ट बघून घे रे, उजवीकडं किरकिरतंय.” बघितला. कडेला तडे गेले होते.

चला, चक्की बंद झालीय, म्हणजे नऊ वाजले. तुमच्या गाडीच्या आवाजाच्या क्लिपा पाठवा, पण गाडीचं मॉडेल, लोड किती आणि धूर कसला, हे तिन्ही लिहून पाठवा, नाहीतर मी पण पंप खोलायला सांगेन.